बाळंतिणीची खोली, पडवी आणि पडदा

मराठीत नुकत्याच प्रसूत झालेल्या बाईला स्वतंत्र नाव आहे. 'बाळंतीण' हा शब्द तिच्या शरीराची अवस्था सांगतो, घरातले तिचे तात्पुरते स्थान सांगतो आणि इतरांनी तिच्याशी कसे वागावे याचे नियमही सांगतो. 'ओली बाळंतीण' म्हटले की तिला वारा लागू द्यायचा नाही, गार पाण्यात हात घालू द्यायचा नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. या एका शब्दाभोवती मराठीने केवढा संसार मांडला आहे! शेक, शेगडी, धुरी, बाळंतशेपा, बाळंतकाढा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, कानांवरून बांधलेला रुमाल, अंधारी खोली आणि सव्वा महिना. आधुनिक प्रसूतिशास्त्र हा काळ सहा आठवड्यांचा, म्हणजे ४२ दिवसांचा धरते. आजीचा सव्वा महिना त्यापासून फार दूर नाही.

मात्र या शब्दसंपत्तीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. यातले बहुतेक शब्द बाळंतिणीसाठी इतरांनी काय करायचे ते सांगणारे आहेत. तिला काय खाऊ घालायचे, कसे शेकायचे, कशापासून जपायचे, याला मराठीत तोटा नाही. तिला स्वतःला काय होते आहे हे सांगणारे शब्द त्या मानाने थोडे; जे आहेत ते हळू आवाजात आणि बायकाबायकांतच बोलायचे. 'अंगावरून जातं', 'टाके ओढतात', 'दूध दाटलं', 'कसंतरीच होतं' ही सारी कुजबुजीची भाषा. आजवर ते खपून गेले, कारण बाळंतिणीजवळ सतत कोणी ना कोणी असे. तिने सांगितले नाही तरी तेल लावणाऱ्या बाईच्या हाताला अंगाची कणकण कळे, कपडे धुणारीच्या नजरेला रक्त दिसे, आणि आईला तर लेक जेवताना कुठे थांबली एवढ्यावरूनही पुष्कळ काही समजे.

त्या खोलीत आता फोन आला आहे आणि फोनच्या पडद्यावर डॉक्टर. आम्ही दोघी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. वैद्यकाशी आमचा संबंध रुग्ण म्हणून आला तेवढाच. पण गेल्या काही वर्षांत आमच्या विद्यार्थिनी, धाकट्या सहकारी, नात्यातल्या मुली यांची बाळंतपणे आम्ही जवळून पाहिली आणि त्यांनी फोनवरून घेतलेल्या वैद्यकीय सल्ल्याच्या कथा ऐकल्या. ऐकताना आमचे लक्ष साहजिकच शब्दांकडे जात राहिले. दवाखान्यात डॉक्टर हाताने पोट दाबून पाहतात, पापणी खाली ओढून रक्त किती आहे याचा अंदाज घेतात, पायाची सूज बोटाने दाबून बघतात. वास हेही तिथे एक साधन असते. फोनवर यातले जवळजवळ सर्व गळून पडते आणि उरते ते बाईचे सांगणे. पडद्यावर सांगणे हीच तपासणी असते. एकदा हे मान्य केले की तिच्याजवळ कोणते शब्द आहेत, फोन कोणाचा आहे आणि ती बोलत असताना खोलीत कोण बसले आहे, हे प्रश्न घरगुती राहत नाहीत. ते वैद्यकाचे प्रश्न होतात. या लेखात आम्हांला एवढेच मांडायचे आहे.

तसे पाहिले तर डॉक्टर आणि बाई यांच्यामधले अंतर आजचे नाही. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लाएनेक या डॉक्टरांपुढे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे छातीला कान लावून ऐकणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाशी धरले, आणि त्यांना हृदयाचे ठोके अधिक स्पष्ट ऐकू आले. स्टेथोस्कोपचा जन्म असा संकोचातून झाला. बाईपासून थोडे दूर राहूनही तिचे ऐकता यावे यासाठी शोधलेले ते साधन होते, आणि दूर राहिल्याने ऐकणे सुधारले ही त्यातली नवलाची गोष्ट.

आपल्याकडे हे अंतर किती जीवघेणे होते ते आनंदीबाई जोशींच्या चरित्रात दिसते. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण आणि दहा दिवसांत मूल गेले. पुढे फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या महाविद्यालयात केलेल्या भाषणात त्यांनी आपण अमेरिकेला का जातो हे सांगितले, त्यात हिंदुस्थानाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे हा मुद्दा मुख्य होता. (हे श्रीरामपूर बंगालमधले; नगर जिल्ह्यातले नव्हे.) फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या, आणि प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. वर्षभराच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्यांचे निधन झाले. स्त्री डॉक्टरच का हवी, याचे उत्तर तेव्हाच्या समाजाला ठाऊक होते. पुरुषापुढे बायका बोलणार नाहीत आणि न बोलता मरतील. म्हणजे बाईला आपले दुखणे निःसंकोच सांगता येईल असा माणूस आणि अशी जागा मिळणे, ही उपचाराची पहिली पायरी आहे हे आपल्याला किमान एकशेचाळीस वर्षे माहीत आहे.

२०२० साली ही पायरी एकाएकी फोनवर येऊन ठेपली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि त्याच दिवशी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. व्हिडिओ, आवाज किंवा लिखित संदेश यांपैकी कोणत्याही मार्गाने नोंदणीकृत डॉक्टर सल्ला देऊ शकतील आणि प्रत्यक्ष तपासणी आवश्यक आहे की नाही हे डॉक्टरांनी आपल्या विवेकाने ठरवावे, असे त्यात म्हटले होते. एप्रिलमध्ये 'ई-संजीवनी'ची घरबसल्या बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. साथ ओसरली तरी ही पद्धत राहिली, आणि ती राहावी असेच आमचेही मत आहे. दहा दिवसांच्या बाळाला आणि टाक्यांच्या पोटाला एसटीचे हेलकावे खायला लावण्यात कोणतेच शहाणपण नाही. पण ती कशी राहावी हा प्रश्न उरतो.

आमच्या महाविद्यालयातल्या एका धाकट्या सहकारी प्राध्यापिकेचे बाळंतपण त्याच वर्षी झाले. सिझेरियन झालेले. पाचव्या दिवशी घरी सोडले आणि दहाव्या दिवशीची तपासणी व्हिडिओवर ठरली. तिच्या घरी सगळे शिकलेले, फोन तिचा स्वतःचा, डॉक्टरही बाई. याहून अनुकूल परिस्थिती कोणती असणार? टाके दाखवण्यासाठी मात्र एका हाताने साडी धरायची, दुसऱ्या हाताने पोट वर उचलायचे, म्हणजे फोन धरायला तिसरा हात हवा. तो नवऱ्याने धरला. उजेड पुरेना म्हणून दिरांचा टॉर्च मागवला गेला आणि तो आणून द्यायला सासूबाई आत आल्या त्या तिथेच बसल्या. "माझ्या पोटाचं शूटिंग चाललंय असं वाटत होतं," असे ती नंतर हसत म्हणाली. पण त्या वेळी तिला हसू आले नव्हते.

त्यानंतर डॉक्टरांनी विचारले, "अंगावरून कितपत जातंय?"

ती म्हणाली, "नेहमीसारखं."

हा शब्द आम्ही फार दिवस मनात घोळवत होतो. 'नेहमीसारखं' म्हणजे कशासारखं? पहिल्यांदाच बाळंत झालेल्या बाईला बाळंतपणातले 'नेहमीचे' काय असते ते कुठून माहीत असणार? पण नवरा फोन धरून उभा, सासूबाई पलंगाच्या कडेला. अशा वेळी हा शब्द फार उपयोगी पडतो. तो काहीच सांगत नाही आणि उत्तर दिल्यासारखेही होते. त्या डॉक्टर जाणत्या होत्या. त्यांनी लगेच प्रश्न बदलला. "दिवसात किती पॅड बदलता? कालच्यापेक्षा जास्त की कमी? गाठी पडतात का? पडत असतील तर केवढ्या, सुपारीएवढ्या की अंड्याएवढ्या?" आता उत्तरे आली. चार, कालच्यापेक्षा कमी, एकच, सुपारीएवढी. विशेषणाने जे लपवले ते आकड्याने आणि उपमेने सांगितले. शिवाय 'अंड्याएवढी' म्हणताना कोणाला लाजण्याचे कारण नव्हते. अंडे आणि सुपारी या सोवळ्या-ओवळ्याच्या बाहेरच्या गोष्टी.

या सहकारिणीला फोनचा लाभही झाला, तेही सांगितले पाहिजे. बाळ नीट ओढत नव्हते, स्तनाला भेगा पडल्या होत्या, आणि दूध दाटून अंगात ताप भरत होता. रात्री नऊ वाजता एका स्तनपान-सल्लागार बाईंनी व्हिडिओवर तिचे पाजणे पाहिले आणि बाळाची मान कुठे धरायची, ओठ बाहेरच्या बाजूला कसे वळलेले हवेत, ते तिथल्या तिथे सांगितले. दवाखान्यातल्या अनोळखी खुर्चीपेक्षा तिच्याच पलंगावर, तिच्याच उशीला टेकून शिकणे तिला सोपे गेले. जे पाहून समजते त्याला पडदा पुरतो. जे स्पर्शाने समजते त्याला पुरत नाही. आणि जे केवळ सांगितल्याने समजते, त्याचे काय होते ते पुढच्या हकिगतीवरून दिसेल.

आमची एक माजी विद्यार्थिनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, श्रीवर्धन तालुक्यातल्या एका वाडीत आली होती. मे २०२० च्या अखेरीस ती प्रसूत झाली, तीन दिवसांनी घरी आली. रायगडच्या त्या भागातली घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्यांची रचना ठाऊक असेल. पुढे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर आणि सर्वांत आत बाळंतिणीची खोली. वारा लागू नये, दृष्ट लागू नये, परक्याची सावली पडू नये म्हणून मुद्दाम सर्वांत आत. आणि मोबाइलची रेंज यायची ती फक्त पडवीत, तीही डाव्या खांबाजवळ. ज्या दवाखान्यात प्रसूती झाली तिथून पाचव्या दिवशी ठरल्याप्रमाणे फोन आला तेव्हा तिला कानाला रुमाल बांधून पडवीत आणून बसवले. फोन वडिलांचा. शेजारी वडील, काका, धाकटा भाऊ. अंगणात दोन शेजारी बोलत उभे.

डॉक्टरांनी विचारले, "काही त्रास?"

ती म्हणाली, "नाही, बरं आहे."

दोन मिनिटांत फोन संपला. आदल्या रात्रीपासून तिचे डोके ठणकत होते. पण पडवीत चार पुरुषांसमोर बाळंतिणीने डोकेदुखीचे काय रडगाणे गायचे, असे तिला वाटले. "आणि मॅडम, त्यांनी डोक्याचं विचारलंच नाही," असेही ती म्हणाली. विचारले असते तर तिने सांगितले असते का? पडवीत, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आले. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि फोन मुके झाले. पडवीतल्या खांबाजवळची रेंजही गेली. त्यानंतरच्या दिवशी पडलेल्या सुपारीच्या झाडांवरून वाट काढत गावातल्या आशाताई आल्या. खरे तर बाळाचे वजन करायला आल्या होत्या. पण त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या, बाकीच्यांना "तुम्ही जरा बाहेर थांबा" म्हणाल्या, बाळ मांडीवर घेतले आणि घरादाराची पडझड विचारता विचारता म्हणाल्या, "आणि तुझं काय गं? तोंड का असं उतरलंय?"

ती म्हणाली, "डोकं फुटतंय ताई. आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

'डोळ्यांपुढे काजवे चमकणे' हा वाक्प्रचार आम्ही वर्गात शिकवतो, वाक्यात उपयोग करायला लावतो. मार बसल्यावर, भीती वाटल्यावर, अशी उदाहरणे मुले लिहितात. प्रसूतीनंतरच्या दिवसांत तीव्र डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे काजवे ही रक्तदाब धोकादायक पातळीवर गेल्याची खूण असू शकते, हे आम्हांला त्या दिवसापूर्वी माहीत नव्हते. आशाताईंना त्यांच्या प्रशिक्षणात ते सांगितलेले होते. प्रसूती झाली की हा धोका टळला असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्यानंतरही सहा आठवड्यांपर्यंत तो उद्भवू शकतो, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर झटके येतात, जीव जातो. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी रक्तदाब मोजला तेव्हा तो फार वाढलेला होता. वाट बंद असल्याने तिला खुर्चीत बसवून गावातल्या मुलांनी मोठ्या रस्त्यापर्यंत नेले, तिथून जीपने रुग्णालयात. ती वाचली. तिची मुलगी आता शाळेत जाते.

या कथेवरून फोन वाईट आणि आशाताई चांगल्या, असा सोपा निष्कर्ष काढता येईल, पण तो पुरेसा नाही. आशाताईंजवळ त्या क्षणी रक्तदाबाचे यंत्रही नव्हते. त्यांच्याजवळ दोन गोष्टी होत्या, आतली खोली आणि 'काजवे' या शब्दाची समज. बाळंतिणीची खोली आणि रेंज या दोन गोष्टी घराच्या दोन टोकांना असल्या की बाईला ऐकू जाणे आणि खरे बोलता येणे यांतून एकच निवडावे लागते. त्या दिवशी पडवीत तिचा आवाज डॉक्टरांपर्यंत पोचला. तिचे दुखणे आतच राहिले.

हे महाराष्ट्राने ओळखले नव्हते असे नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. बायका सांगत नव्हत्या, कारण सांगण्याजोगा माणूसच भेटत नव्हता. राणी बंग यांनी ग्रामीण बायकांची ही आरोग्यभाषा ज्या पुस्तकात मांडली त्याचे नाव 'कानोसा'. याहून नेमके नाव सुचणे कठीण. पुढे गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच धर्तीवर आज देशभरातल्या आशाताई दवाखान्यात प्रसूत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. दूरवैद्यकाला ही फेरी पर्याय नाही. झालीच तर आशाताईंच्या हातातला फोन हा सर्वांत चांगला फोन ठरेल, कारण तो आतल्या खोलीपर्यंत जाऊ शकतो.

आता दुसरी बाजू. आमच्यापैकी एकीची भाची न्यू जर्सीत असते. तिचे बाळंतपण ऑगस्ट २०२० मधले. मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने बंद, त्यामुळे पुण्याहून आईला जाता आले नाही. जी सेवा हाताने करायची ती आई फोनवरून करू लागली. "कानाला रुमाल बांध, एसी बंद कर, अळीव भिजत घातलेत का?" असा रोजचा पाठ. भाची सकाळ-संध्याकाळ पडद्यावर हसून "सगळं छान आहे गं आई" म्हणे. आईचाही जीव तुटत होता हे तिला कळत होते, म्हणून तर हसणे.

तिच्या रुग्णालयाने घरी दोन गोष्टी पाठवल्या होत्या. एक रक्तदाबाचे यंत्र, त्याचा आकडा दिवसातून दोनदा संदेशाने कळवायचा. दुसरी, फोनवर भरायची दहा प्रश्नांची प्रश्नावली. ही प्रश्नावली एडिंबरोची म्हणून ओळखली जाते, १९८७ साली तयार झालेली. गेल्या सात दिवसांत मला हसता आले का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, झोप लागेना इतके वाईट वाटले का, असे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. आणि दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी. पहाटे तीन वाजता, एका हाताने बाळाला धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिने दहाव्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले. आईला नाही, नवऱ्याला नाही, पडद्याला दिले.

सकाळी नर्सचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही आत्ता एकट्या आहात का? मोकळेपणाने बोलता येईल का?" त्यानंतर काही महिने समुपदेशन, काही काळ औषध, सगळे बहुतांशी व्हिडिओवरच. ती सावरली. दोन वर्षांनी घरी आली तेव्हा आपल्या मावशीपाशी हे सर्व बोलली आणि म्हणाली, "इंग्रजीत टिक करणं सोपं गेलं, मावशी. तेच वाक्य मराठीत बोलावं लागलं असतं तर ते आईला ऐकू जाईल असं वाटलं असतं."

मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघींना हे वाक्य झोंबले. मातृभाषेत मन मोकळे होते असे आपण नेहमी म्हणतो. पण ज्या भाषेत आईने बाळंतपणाचे कौतुक केले, ओटी भरली, त्याच भाषेत 'मला जगावेसे वाटत नाही' हे म्हणणे किती कठीण! बाळंतिणीच्या उदासीला आपल्या घरगुती बोलीत सरळ नाव नाही. 'प्रसूतिपश्चात नैराश्य' हा ग्रंथातला शब्द. तो तोंडी यायचा नाही. 'कसंतरीच होतं' यात सगळे मावते, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. आणि हे दुखणे अमेरिकेतले नव्हे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात केलेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की तिथल्या एका रुग्णालयातल्या २५२ मातांपैकी सुमारे २३ टक्के प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्याने ग्रासलेल्या होत्या. अदमासे चारांत एक. पाचवी-बारशाला आपण ज्या घरांत गेलो, त्यांतल्या किती घरांत हे असेल!

रक्तदाबाच्या यंत्राचीही एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. आनंदीबाई जिथे शिकल्या त्याच फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तदाबाचा त्रास झालेल्या २०६ बाळंतिणींपैकी निम्म्यांना नेहमीप्रमाणे दवाखान्यात बोलावले, निम्म्यांना यंत्र देऊन घरूनच संदेशाने आकडा कळवायला सांगितले. पहिल्या दहा दिवसांत रक्तदाबाची एक तरी नोंद मिळाली, असे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ४४ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे ९२ टक्के होते. पुढच्या विश्लेषणात असेही दिसले की दवाखान्यात येण्याच्या बाबतीत काळ्या आणि इतर बायकांत जी मोठी तफावत होती ती संदेशाच्या गटात जवळजवळ राहिली नाही. लहान बाळ, नसलेली रजा, बसचा प्रवास हे सगळे ज्यांच्या वाट्याला अधिक, त्यांना साध्या संदेशाने अधिक हात दिला. आकड्याला लाज नसते आणि तो सासूबाईंसमोरही टाइप करता येतो.

तेव्हा प्रत्यक्ष भेट चांगली की पडद्यावरची, हा वाद आम्हांला निरर्थक वाटतो. प्रत्यक्ष दवाखान्यातही पडदा बाजूला सारून तीन जणी आत डोकावतात, नवरा बाईच्या वतीने उत्तरे देतो आणि बाई 'बरं आहे' म्हणून उठते, हे आपण पाहिलेले आहे. उलट पहाटेच्या अंधारातला फोन कधी कधी आनंदीबाईंना हवी होती तशी जागा होऊ शकतो. फरक पडतो तो एकांताने आणि प्रश्नाच्या शब्दांनी. लाएनेक यांची सुरळी उपयोगी पडली, कारण तिच्या दुसऱ्या टोकाला कान होता आणि त्या कानाला काय ऐकायचे ते माहीत होते.

यातून काही साध्या गोष्टी करता येतील. फोनवर बाळंतिणीशी बोलणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांनी पहिला प्रश्न दुखण्याचा नव्हे, तर 'आत्ता जवळ कोण आहे?' हा विचारावा, आणि कोणी असेल तर फक्त 'हो-नाही'त उत्तर देता येईल असे प्रश्न करावेत. 'काही त्रास?' हा प्रश्न तर रद्दच करावा. त्याचे उत्तर मराठीत 'नाही' असेच असते. घरच्यांनी एवढे करावे की फोन बाळंतिणीच्या हातात द्यावा आणि दार ओढून घ्यावे. रेंज पडवीतच असेल तर पडवी दहा मिनिटे मोकळी करावी. वाऱ्यापासून तिला जपतो तसे कानांपासूनही जपावे.

भाषेच्या शिक्षकांचे कामही यात आहे, असे आम्हांला वाटू लागले. एका निवृत्त परिचारिकेच्या मदतीने आम्ही एक पानभर मजकूर तयार केला आणि लग्न झालेल्या विद्यार्थिनींना, सहकारिणींना देऊ लागलो. त्यात 'रक्तस्राव', 'उच्च रक्तदाब', 'संसर्ग' हे शब्द नाहीत. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजते का? अंड्याहून मोठी गाठ पडली का? गोळी घेऊनही डोके थांबत नाही का? डोळ्यांपुढे काजवे येतात का? अंगावरून जाते त्याला घाण वास येतो का, थंडी वाजून ताप भरतो का? एकाच पायाची पोटरी सुजून दुखते का? दम लागतो, छातीत दुखते का? बाळ नको, आपणही नको, असे मनात येते का? यातले एकही 'हो' असेल तर फोनवर समाधान मानू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि दवाखाना दूर असेल तर १०८ ला फोन करावा. शेवटच्या प्रश्नासाठी घरात कोणाशी बोलवत नसेल तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा मराठीतही बोलते.

पान छोटे आहे, शुद्धलेखनाच्या दृष्टीने फारसे प्रशस्तही नाही. 'घाण वास' हा शब्द ठेवावा की 'दुर्गंधी' म्हणावे यावर आमच्या दोघींत थोडी चर्चाही झाली. 'घाण वास'च ठेवला, कारण बाळंतीण तोच शब्द वापरील. ज्या शब्दात ती स्वतःशी बोलते त्याच शब्दात तिला विचारले गेले, तर पडद्याच्या पलीकडचा डॉक्टर कितीही दूर असला तरी तिचे उत्तर खरे येण्याचा संभव वाढतो. बाळंतिणीला काय खाऊ घालावे याची भाषा मराठीने पिढ्यान्‌पिढ्या घडवली. तिला काय होते आहे ते तिच्याच तोंडून ऐकण्याची भाषा आता घडवायची आहे.